आजोबांचा वस्तरा

माझ्या थोरल्या चुलतभावाशी मी बोलत नाही. पोंगलला त्याचा फोन आला, मी उचलला नाही. त्याच्या नातवाच्या बारशाला बायकोला एकटीला पाठवलं. नात्यातले लोक मला समजावतात, "अरे, एका जुन्या वस्तऱ्यावरून कुणी भाऊ तोडतं का?" मी तोडला. का तोडला ते एकदा नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा पुन्हा तोंडाने सांगायला नको.

आम्ही तंजावरकडचे मराठी. कितव्या पिढीत इकडे आलो ते विचारू नका. आमच्यात ते कुणालाच नक्की माहीत नाही आणि प्रत्येकजण ठासून सांगतो. माझं शिक्षण तमिळ आणि इंग्रजीत, नोकरी मद्रासला, शोळिंगनल्लूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत, घर पेरुंगुडीला सातव्या मजल्यावर. बायको साताऱ्याची. लग्नानंतर पहिली दोन वर्षं ती माझ्या मराठीला हसली आणि मग तिने मला शिकवायला घेतलं. हे जे लिहितोय ते तिचं मराठी. आमच्या घराण्यातलं जुनं मराठी आता एक आत्याच बोलते. वय सत्त्याऐंशी. अड्यारला तिच्या लेकीकडे असते.

वस्तरा सापडला तो माझ्या वडिलांच्या ट्रंकेत. ते जाऊन अकरा वर्षं झाली, तेव्हापासून ट्रंक माळ्यावर पडून होती. वाळवी लागली म्हणून बायकोने माळा रिकामा करायला लावला. ट्रंकेत शाळेचे दाखले, एक बंद पडलेलं घड्याळ आणि विटकरी रंगाच्या सुती कापडात घट्ट गुंडाळलेलं काहीतरी लांबोडकं. उलगडलं तर आत मिटायचा वस्तरा, काळ्या शिंगाच्या मुठीचा. पातं गंजून मुठीतच बसलं होतं. नखाने ओढलं तर नख तुटलं, पातं हललं नाही.

मी फोटो काढून कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत चुलतभावाचं उत्तर आलं. तो माझ्याहून दहा-अकरा वर्षांनी मोठा, बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेला. सगळे त्याला अण्णा म्हणतात, मीही. घराण्याचा इतिहास हे त्याचं खातं. त्याने लिहिलं, "अरे, हा तर आजोबांचा वस्तरा! इंग्लंडचं पोलाद. शाळेत जायच्या आधी रोज ह्याने दाढी करायचे. जपून ठेव." खाली ओळीने सगळ्यांचे जोडलेले हात.

आजोबा तंजावरला हेडमास्तर होते. ते गेले तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. मला त्यांचा तपकिरीचा वास तेवढा आठवतो. अण्णा तेव्हा पंधरा-सोळाचा, त्याच घरात वाढलेला. तेव्हा तो म्हणतो ते खरंच असणार. हे मी मुद्दाम लिहितोय. पंधरा-सोळाचा मुलगा आंधळा नसतो.

मी भारावलो. आजोबांची म्हणावी अशी एकही वस्तू माझ्याकडे नव्हती. ठरवलं, हा वस्तरा पुन्हा चालता करायचा.

जुन्या अड्यारमध्ये, मी लग्नाआधी भाड्याने राहायचो त्या गल्लीत, एका म्हाताऱ्या न्हाव्याचं दोन खुर्च्यांचं दुकान आहे. त्याला मी अय्या म्हणतो, तो मला सार म्हणतो. आता त्याच्याकडेही अर्धं ब्लेड अडकवायचा वस्तराच असतो, गिऱ्हाइकागणिक ब्लेड बदलायचं. पण धार लावायचा दगड त्याने खणात वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला होता. वस्तरा हातात घेऊन त्याने नखाने टिचकी मारली, कानाजवळ धरून ऐकलं.

"पोलादात जीव आहे, सार," तो तमिळमध्ये म्हणाला. "पण मशीनवर देऊ नका. पॉलिशच्या चाकावर पातं तापलं की त्याचं पाणी उतरतं. मग दिसायला आरसा आणि कापायला चमचा."

म्हणून सगळं हाताने केलं. सहा महिने, प्रत्येक रविवार. मुठीच्या सांध्यात शिवणयंत्राचं तेल सोडून तीन दिवस ठेवलं, तेव्हा कुठे पातं कुरकुरत बाहेर आलं. मग पॉलिशपेपर, आधी चारशे नंबरचा, मग आठशे, मग दोन हजार. बाल्कनीत पाटावर बसून एकाच दिशेने घासायचं. बोटं दोनदा कापली. धारेजवळ गंजाने खड्डे खाल्ले होते, ते जाईपर्यंत धार मागे आणावी लागली. तेल आणि गंज पुसायला ते विटकरी कापडच वापरलं, हाताशी होतं म्हणून. काळंकुट्ट झालं तेव्हा कचऱ्यात टाकलं.

दगडावरचं काम सगळ्यात अवघड. वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकलेल्या हव्यात, पलटताना पाठ उचलायची नाही, आणि हाताचं वजन द्यायचं नाही. मी वजन द्यायचो. अय्या खुर्चीतल्या गिऱ्हाइकाची मान धरून तिकडूनच ओरडायचा, "दाबू नका, सार! भांडं घासताय का?" आवाजावरून त्याला कळायचं. दगडानंतर चामड्याचा पट्टा, त्यावर पाठ पुढे आणि धार मागे. मनगटावरचे केस कापून बघायचे. आठवडेच्या आठवडे केस नुसते वाकायचे. मग एका रविवारी पातं नुसतं टेकवलं आणि केस पडला. अय्याने माझ्या पाठीवर थाप मारली.

त्यानंतर जवळजवळ दोन महिने मी त्या वस्तऱ्याने दाढी केली. रोज सकाळी वीस मिनिटं आरशासमोर. बायको दारावर टकटक करायची, "अहो, ऑफिसला निघालाय की बोहल्यावर?" ग्रुपवर रोज सकाळी फोटो टाकायचो. ऑफिसात मी भेटेल त्याला सांगत सुटलो. माझ्या आजोबांच्या गालावरून फिरलेलं पोलाद माझ्या गालावरून फिरतंय, असं मी एकदा जेवणाच्या सुट्टीत म्हणालोसुद्धा. तो प्रसंग आठवला की आजही तोंड धुवावंसं वाटतं.

डिसेंबरात अण्णाने अड्यारला एक हॉल घेऊन घराण्याचं संमेलन ठरवलं. जुन्या वस्तूंचं प्रदर्शन, वंशवृक्षाचा मोठा फ्लेक्स, आजोबांवर रंगीत पुस्तिका. मला म्हणाला, "तू फार मोठं काम केलंस रे. वस्तरा मधल्या टेबलावर ठेवू, आजोबांच्या फोटोपुढे. तू दोन शब्द बोल, कसा दुरुस्त केला ते." मी खूश झालो. आणि वाटलं, लोकांआधी आत्याने बघायला हवा. आजोबांच्या मुलांपैकी आता ती एकटीच हयात.

रविवारी सकाळी तिच्याकडे गेलो. ती खिडकीशी खुर्चीत बसून कढीपत्त्याची पानं काढत होती. मी वस्तरा उघडून तिच्यापुढे धरला.

आत्याचं मराठी जसंच्या तसं लिहिलं तर अर्ध्या लोकांना कळणार नाही, म्हणून थोडं सोपं करून लिहितो.

"आत्या, ओळखलंस के हे?" आम्ही 'का'च्या जागी 'के' म्हणतो.

तिने बघितलं. मांडीवरची पानं खाली सांडली. "मीट ते," ती म्हणाली.

मला वाटलं, धारेला भ्याली. "अगं, आजोबांचा वस्तरा. मी सहा महिने घासून..."

"मीट म्हणते ना! बाहेर ने ते, माझ्यासमोर नको."

मी मिटून खिशात घातला. तिचा श्वास लागला होता. लेक पाणी घेऊन आली, ते प्यायल्यावर ती माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

"ह्याने तू काय करतोस?"

"दाढी. रोज. आजोबा करायचे तशी."

"अप्पांनी एक दिवस त्याने दाढी केली नाही," आत्या म्हणाली. "अप्पांची दाढी करायला न्हावी येत होता, बुधवारी नि रविवारी. ओटीवर बसून करून घ्यायचे. हे मोट्टै आजीचं."

मोट्टै म्हणजे तमिळमध्ये गोटा केलेलं डोकं. मोट्टै आजी म्हणजे आजोबांची धाकटी बहीण. बाराव्या वर्षी नवरा मेला, सासरच्यांनी परत आणून सोडली, ती मरेपर्यंत भावाच्या घरी. आम्ही पोरं तिला मोट्टै आजीच म्हणायचो, तोंडावरसुद्धा. मी दहा वर्षांचा असताना ती गेली.

आत्याने सांगितलं ते असं. मोट्टै आजीचं डोकं करायला दर पंधरवड्याला न्हावी मागच्या दाराने यायचा. ती तिशीत असताना एकदा म्हाताऱ्या न्हाव्याऐवजी त्याचा मुलगा आला. त्याने तिच्याकडे बघितलं, पिशवी जमिनीवर ठेवली आणि म्हणाला, "सामी, हे काम आम्ही आता करत नाही. आमच्या लोकांनी ठरवलंय." आजोबा ओरडले, मग गोडीत आले, जास्तीचा तांदूळ देऊ म्हणाले. तो पिशवी उचलून गेला. दुसरा बोलावला, तोही आला नाही. त्या भागात कुणीच येईना.

"मग?" मी विचारलं.

"मग अप्पा शाळेच्या कामाला मद्रासला गेले, तिकडून हे घेऊन आले. नवं कोरं. आईला दाखवलं, बघ, इंग्लिश आहे."

"आणि?"

"आणि काय? स्वतः करायला लागले."

मला आधी कळलंच नाही. मी विचारलं, काय करायला लागले? आत्याने माझ्याकडे असं बघितलं की मी मान खाली घातली.

"मी आठ वर्षांची. मज म्हणाले, लोटा धर. मी पाण्याचा लोटा धरून उभी. पहिल्या दिवशी ती धावून गोठ्यात शिरली, आतून कडी लावली. अप्पांनी नि आईने दार ढकलून ओढून आणलं. अप्पांना कुठे येत होतं ते काम? इथून इथवर कापलं." तिने स्वतःच्या कानामागे बोट फिरवलं. "रक्त आलं. अप्पा म्हणाले, हललीस म्हणून. मग हातपाय धुऊन शाळेत गेले. गणिताचा तास होता."

"कितीदा?"

"दर पंधरा दिवसांनी. अप्पा मरेपर्यंत."

मी हिशेब केला. अठ्ठावीस वर्षं तरी.

आजोबा गेल्यावर मोट्टै आजीने माझ्या वडिलांकडे वस्तरा मागितला. स्वतःच्या विटकरी लुगड्याची पट्टी फाडून त्यात गुंडाळला आणि त्यांच्याच हातात परत दिला. म्हणाली, फेकू नको, फेकलं तर कुणीतरी उचलेल. कुणाला सापडणार नाही असा ठेव. त्यानंतर तिने डोक्याला कुणाला हात लावू दिला नाही. पाच वर्षं तिचे केस वाढले. आणि ते मला आठवले. पांढरे, आखूड, पिसांसारखे. पदर सरकला की आम्ही पोरं ओरडायचो, "नारळाला शेंडी आली!" ती पटकन पदर ओढून घ्यायची. मी सहा-सात वर्षांचा होतो. तरी ओरडलो होतो.

"ते कापड कुठे आहे?" आत्याने विचारलं.

"गंज पुसला त्याने. टाकून दिलं."

ती वाकून पानं गोळा करायला लागली. मी मदतीला खाली बसलो तर म्हणाली, "तू जा."

घरी आलो. बायकोने दार उघडलं, मी तिच्याशी न बोलता स्वयंपाकघरात गेलो. ओट्याच्या कडाप्प्याची कड खडबडीत आहे. वस्तरा उघडला आणि धार त्या कडेवर आडवी घासली. एकदा, दहादा, पन्नासदा. सहा महिन्यांत आणलेली धार पाच मिनिटांत गेली. दात पडले पात्याला. अंगावर काटा आणणारा आवाज होत होता, शेजारची बेल वाजवून विचारायला आली. बायकोने तिला वाटेला लावलं, माझा हात धरला आणि सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "वस्तऱ्यावर कसला राग काढताय? त्याने काय स्वतःहून केलं? ज्यांनी केलं ते फोटोत बसलेत हार घालून. आणि ज्यांना ठाऊक होतं ते हॉल बुक करतायत."

अण्णाचं नाव तोवर माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ती बोलली आणि आलं.

त्याच्याकडे जायच्या आधी वाटेत अय्याच्या दुकानात थांबलो. त्याने मला वापरायला दिलेला पट्टा परत करायचा होता. पात्याचे दात बघून तो चरकला. मी त्याला सांगितलं. मला वाटलं होतं, तो चुकचुकेल, माझी समजूत घालेल. त्याने दाढीचा ब्रश वाटीत आपटला.

"माझा बाप सांगायचा," तो म्हणाला. "तुमच्यासारख्यांच्या मागच्या दारी आम्ही ते काम पिढ्यान् पिढ्या केलं. पुढच्या दाराने आत घेत नव्हते, त्या कामाला मागच्याने घ्यायचे. एक दिवस आमच्या लोकांनी बसून ठरवलं, बास. त्यासाठी किती घरांनी आमचं धान्य बंद केलं, माहीत आहे? आम्ही उपाशी राहून सोडलं ते तुमचे हेडमास्तर वस्तरा विकत घेऊन करत होते. आणि मी, बघा, त्याला धार लावायला शिकवलं तुम्हाला." त्याने खुर्ची झटकली. "घेऊन जा ते दुकानातून."

दिवसभरात मला दुसऱ्यांदा कुणीतरी बाहेर काढलं होतं. आणि दोघांचंही बरोबर होतं.

अण्णा हॉलमध्ये भेटला नाही, घरी भेटला. टेबलावर पुस्तिकेचे गठ्ठे नुकतेच येऊन पडले होते. त्याने एक प्रत माझ्या हातात दिली. पहिल्याच पानावर आजोबांचा पगडीतला फोटो, खाली 'स्त्रीशिक्षणाचे कैवारी', आणि पुढे एक ओळ: 'विधवा भगिनीचा त्यांनी आयुष्यभर मायेने सांभाळ केला.'

"अण्णा, वस्तरा कशासाठी होता ते तुम्हाला माहीत होतं?"

त्याने चष्मा काढून पुसला. "आत्या बोलली वाटतं."

"माहीत होतं का?"

"सगळ्यांनाच माहीत होतं रे. मी स्वतः गरम पाणी नेऊन दिलंय मागे. लहान होतो."

"मग ग्रुपवर दाढी म्हणून का लिहिलंत?"

"मग काय लिहू? ग्रुपवर सुना आहेत, जावई आहेत, पोरं आहेत. त्या काळी घरोघरी तेच होतं. आजोबांनी एकट्याने केलं का?"

"घरोघरी न्हावी करत होता. न्हावी नको म्हणाला, तेव्हा तरी थांबायचं! थांबायला निमित्त आयतं चालून आलं होतं. सगळ्या गावाला सांगता आलं असतं, न्हावी मिळत नाही हो, काय करणार. ते मद्रासला जाऊन वस्तरा घेऊन आले!"

"लोक काय म्हणाले असते? हेडमास्तर होते ते."

"आणि फ्लेक्सवर ती कुठे आहे?" फ्लेक्सचा नमुना भिंतीवर चिकटवलेला होता. आजोबा, त्यांचे दोन भाऊ, त्यांच्या बायका, मुलं, नातवंडं, परदेशातली पतवंडंसुद्धा. ती नव्हती.

"तिला मूलबाळ नाही ना," अण्णा शांतपणे म्हणाला. "पुढे फांदी जात नाही. डिझाइनवाला म्हणाला, जागेचा प्रश्न आहे."

आयुष्यात मी त्याला कधी एकेरी हाक मारली नव्हती. त्या दिवशी मारली. "तू मला दोन महिने ते तोंडाला लावू दिलंस," मी म्हणालो. "तू रोज सकाळी ग्रुपवर मला शाबासकीचा अंगठा पाठवत होतास."

"आवाज खाली कर. वहिनी आत झोपलीय."

मी आवाज खाली केला नाही. त्याची बायको उठून बाहेर आली, तिने मला कॉफी घे म्हटलं. मी निघून आलो.

संमेलनाला मी गेलो. बायको म्हणाली होती, जायचं तर शांत जा. मी शांतच गेलो. मधल्या टेबलावर वस्तरा ठेवला आणि शेजारी मी लिहिलेलं कार्ड, मराठीत आणि तमिळमध्ये: न्हाव्यांनी नकार दिल्यावर आमच्या आजोबांनी आपल्या विधवा बहिणीचं डोकं ह्या वस्तऱ्याने स्वतः भादरलं, अठ्ठावीस वर्षं. चहा पिऊन परत आलो तर कार्ड नव्हतं. अण्णाचा जावई टेबलापाशी उभा होता, हात मागे बांधून.

मग मला दोन शब्द बोलायला बोलावलं. मी कार्डावरचंच बोललो. तरुण मुलांना मराठी नीट कळत नाही, म्हणून पुन्हा तमिळमध्ये सांगितलं. गोठा, कडी, लोटा, गणिताचा तास, सगळं. मागून कुणीतरी म्हणालं, "जेवायच्या वेळी हे काय!" कुणीतरी माइक बंद केला. मी माइकशिवाय बोललो. हॉल लहान होता.

गप्प झालो तेव्हा मागच्या रांगेतून एका पुतणीने विचारलं. ती कॉलेजात शिकवते, काकाला तमिळ पद्धतीने चित्तप्पा म्हणते. "चित्तप्पा, त्यांचं नाव काय होतं?"

मी तोंड उघडलं आणि तसाच उभा राहिलो. मला तिचं नाव माहीत नव्हतं. छप्पन्न वर्षांचा झालो, तिच्या पदराशी खेळलो, तिच्या हातचा दहीभात खाल्ला, आणि इतका वेळ तिच्या नावाने ओरडत होतो, ते नावच माझ्याकडे नव्हतं. मी अण्णाकडे बघितलं. तो माझ्याहून मोठा. त्याने दुसरीकडे बघितलं. त्यालाही माहीत नव्हतं. सत्तर-ऐंशी माणसांच्या हॉलमध्ये कुणालाच नाही.

पुढच्या रांगेत आत्या बसली होती. तिने बसल्या जागेवरून नाव सांगितलं. मोठ्याने नाही, पण पहिल्या दोन-तीन रांगांना ऐकू गेलं आणि मग एकमेकांना विचारत मागेपर्यंत गेलं. सुंदर नाव होतं. इथे लिहीत नाही; ह्या लिखाणात मी कुणाचंच नाव लिहिलेलं नाही.

पुतणीने पर्समधून मार्कर काढून दिला. मी फ्लेक्सपाशी गेलो, आजोबांच्या शेजारी मोकळी जागा होती तिथे ते नाव लिहिलं. जागा होती. चांगली हातभर होती. मागून अण्णाचा आवाज आला, "अरे, फ्लेक्स खराब होईल!" दिवसभरातलं त्याचं हे एकच वाक्य मला शब्दशः आठवतं.

आत्याला मी गाडीतून घरी सोडलं. वाटलं होतं, ती माझ्या हातावर हात ठेवेल. अर्ध्या रस्त्यात तिने खिडकीची काच वर केली.

"मज विचारलंस के?" ती अचानक म्हणाली.

"काय?"

"मी तुज सांगितलं. लोकांत सांगू के म्हणून विचारलंस? लोटा मी धरला होता. ते तू सगळ्यांसमोर सांगितलंस."

मी चिडलेलोच होतो. "मग काय गप्प बसू? तुम्ही सगळे बसलात तसा?"

"गप्प नको बसू," ती म्हणाली. "पण विचार. तिजही कुणी कधी विचारलं नाही."

सिग्नल सुटला होता, मागचे हॉर्न वाजवत होते. मी गाडी बाजूला घेतली. तिची माफी मागितली. तिने "बरं" म्हटलं, म्हणजे माफ केलं असं नाही. आता मी रविवारी तिच्याकडे जातो. ती त्या बाईबद्दल एखादी गोष्ट सांगते, कधी सांगत नाही. हे लिहू का म्हणून मी तिला विचारलं. तीन रविवार तिने उत्तर दिलं नाही. चौथ्या रविवारी म्हणाली, लिही, पण लोट्याचंही लिही.

वस्तरा पुतणीने मागितला. वर्गात दाखवते म्हणाली. मी अजून दिलेला नाही, आत्याला विचारायचं आहे. अय्याच्या दुकानात मी दोनदा गेलो. त्याने केस कापले, बोलला नाही. बोलेल तेव्हा बोलेल.

मागच्या महिन्यात अण्णाने ग्रुपवर पुस्तिकेची 'सुधारित आवृत्ती' पाठवली. मायेने सांभाळ केल्याची ओळ आहे तशीच आहे. फक्त 'भगिनी'च्या पुढे कंसात तिचं नाव घातलंय, आणि त्यातलं एक अक्षर चुकलंय. मी खाली लिहिलं, "नाव चुकलं आहे." त्याने अंगठा पाठवला. काल पुन्हा उघडून बघितलं. अक्षर तसंच आहे.